आधी जागा, मग मिसाईल: सिममध्ये लढाऊ हेलिकॉप्टर शिकणाऱ्यांसाठी

सोलापुरातल्या आमच्या फ्लाइट सिम्युलेटरच्या गटात (म्हणजे संगणकावर) हेलिकॉप्टर शिकायला येणारे बहुतेक जण आधी जेट विमानं उडवून आलेले असतात. स्विच पाठ असतात, लेझर कोड माहीत असतो, मिसाईलही नीट सुटतं. तरी पहिल्याच मिशनमध्ये शिल्का ही विमानविरोधी तोफगाडी त्यांना पाडते, आणि रेकॉर्डिंग लावून बघितलं की बहुतेक वेळा एकच कारण दिसतं: हेलिकॉप्टर नको त्या जागी होतं. जेट वेगावर वाचतं, हेलिकॉप्टर जागेवर वाचतं. ही जागा टार्गेट समोर आल्यावर शोधायची नसते. रोटर फिरायच्या आधी, नकाशा उघडून ठरवायची असते. ती कशी ठरवायची, तिथून वर कसं यायचं आणि कधी निघायचं, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सामानाबद्दल थोडक्यात. उदाहरणं डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरची देतो. मूळ सिम आणि कॉकेशसचा नकाशा मोफत आहे. हेलिकॉप्टर विकत घ्यावी लागतात, पण कंपनीच्या साइटवरून घेतलेल्या आवृत्तीत बहुतेक मॉड्यूल १४ दिवस मोफत चालवून बघता येतात. अपाची एएच-६४डी २०२२ मध्ये आलं, एमआय-२४पी हाइंड २०२१ मध्ये. मी या दोघांवरच बोलणार आहे, कारण दोघांचा स्वभाव अगदी उलट आहे. पिळता येणारी कोणतीही साधी जॉयस्टिक चालेल. मान वळवून बघता यावं म्हणून ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर वेबकॅमवर लावा. हेलिकॉप्टरमध्ये आजूबाजूला बघणं जॉयस्टिकइतकंच महत्त्वाचं आहे. आपल्याकडची वीज लक्षात घेता यूपीएस घ्या.

पहिली पायरी: वजन आणि ऊन

जागा निवडण्याआधी त्या जागी हेलिकॉप्टर तरंगू शकेल का, हे बघावं लागतं. सोलापूरकराला हे लवकर कळतं. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ४७० मीटरवर आहे आणि मे महिन्यात दुपारी पारा ४२-४३ अंशांवर जातो. तापलेली हवा विरळ होते. हिशेब केला तर त्या दुपारी हेलिकॉप्टरला इथली हवा दीड हजार मीटर उंचीवरच्या हवेसारखी वाटेल. इंजिनाची ताकद कमी, पात्यांची उचल कमी. म्हणून सराव करताना मिशन एडिटरमध्ये जुलै-ऑगस्टची तारीख टाका आणि तापमान चढेल तेवढं चढवा. थंड हवेत शिकलेला माणूस सीरियाच्या नकाशावर गेला की गडबडतो.

जमिनीला लागून तरंगताना पात्यांखालची हवा मदत करते. ही मदत साधारण रोटरच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंत मिळते. अपाचीचा व्यास १४.६ मीटर आहे. त्याच्या वर गेलात की तरंगायला बरीच जास्त ताकद लागते. आडोशामागून वर यायचं म्हणजे नेमकं याच भागात यायचं. म्हणून सगळी रॅक भरून निघू नका. ८ हेलफायर मिसाईलं, ३८ रॉकेटं, तोफेच्या गोळ्या आणि अर्धं इंधन हा सुरुवातीसाठी चांगला मेळ आहे. अपाचीत पर्फ नावाचं पान उघडलं की उंचावर तरंगायला किती टॉर्क (रोटर फिरवायचा जोर) लागेल ते दिसतं. तो आकडा आणि कमाल मर्यादा यांच्यात थोडी जागा उरली नसेल, तर शस्त्र कमी करा.

दुसरी पायरी: जमीन वाचायला शिका

हा सराव संगणकाबाहेरचा आहे आणि मी तो सगळ्यांना करायला लावतो. नान्नजच्या माळावर जा. माळढोकचं अभयारण्य आहे तोच भाग. रस्त्यावरून बघितलं तर सगळं सपाट वाटतं, नजर क्षितिजापर्यंत जाते. मग थांबून स्वतःला विचारा: जवळजवळ पाच मीटर उंचीचं हेलिकॉप्टर इथे कुठे लपेल? उसाच्या फडामागे नाही, पाती वर दिसतील. बाभळीच्या दाट रांगेमागे कदाचित. ओढ्याच्या खोलगट पात्रात बऱ्यापैकी. कॅनॉलचा भराव, रेल्वेचा बांध, पाझर तलावाची पाळ, हे सगळं एकेक करून दिसायला लागतं. माळ सपाट नसतो, त्याला पाठ आणि पोट असतं. पुढे तुळजापूरच्या घाटाकडे गेलात तर बालाघाटच्या कडेवरून खालचा मुलूख कसा उघडा पडतो ते बघा, आणि त्या कडेवर उभा असलेला माणूस खालून आभाळावर काळा ठिपका म्हणून किती लांबून दिसतो तेही बघा.

ही दुसरी गोष्ट फार मोलाची आहे. डोंगराच्या माथ्यावर हेलिकॉप्टर कधीही उभं करू नका. माथ्यावर तुमच्यामागे आभाळ असतं. उतारावर, झाडीच्या रंगात मिसळून उभे राहिलात तर समोरच्या खेळाडूला तुम्ही सहज सापडत नाही.

सिममध्ये एक सावधगिरी बाळगा. झाडांपेक्षा मातीवर विश्वास ठेवा. झाड नजर अडवतं, गोळी अडवत नाही. टेकडी दोन्ही अडवते.

तिसरी पायरी: मदत मागणाऱ्याचं नीट ऐका

जवळून हवाई मदत द्यायची म्हणजे आपली माणसं शत्रूपासून काहीशे मीटरवर आहेत. म्हणून नकाशावर पहिली खूण टार्गेटची करू नका, आपल्या माणसांची करा. विमानांसाठी नऊ ओळींचा संदेश असतो. हेलिकॉप्टरला जमिनीवरून मिळणारा संदेश बहुतेक वेळा पाच ओळींचा असतो, कारण हेलिकॉप्टरचे वैमानिक रणभूमी स्वतःच्या डोळ्यांनी बघत असतात. आमच्यात तो साधारण असा बोलला जातो:

"वाघ एक, मी जमीन दोन, मारा हवाय. आम्ही ओढ्याच्या दक्षिण काठावर, हिरवा धूर. टार्गेट आमच्यापासून दिशा ०२०, अंतर ८०० मीटर. झाडांच्या रांगेत दोन बीएमपी. पूर्वेकडून या, पश्चिमेला निघा, आमच्या डोक्यावरून नको अण्णा."

(बीएमपी म्हणजे सैनिक वाहून नेणारी चिलखती गाडी.) ऐकलेलं परत म्हणून दाखवा. निदान आपली जागा आणि टार्गेटची जागा, या दोन ओळी शब्दाला शब्द. मग धूर स्वतः बघा आणि त्याचा रंग तुम्ही सांगा. हिरवा म्हटलेला धूर तुम्हाला लाल दिसत असेल, तर थांबा.

चौथी पायरी: जागा

आता खरं काम. नकाशावर टार्गेटभोवती आणि त्याच्या आसपासच्या विमानविरोधी शस्त्रांभोवती वर्तुळं काढा. अंदाजे पल्ले लक्षात ठेवा: शिल्काच्या तोफा २.५ किमी, खांद्यावरून सोडायचं इग्ला आणि गाडीवरचं स्ट्रेला-१० सुमारे ५ किमी, तुंगुस्काची मिसाईलं ८ किमी, ओसा १० किमी, टोर १२ किमी. टार्गेट स्वतःही गप्प बसत नाही. बीएमपी-२ ची ३० मिमी तोफ हेलिकॉप्टरला चांगलीच लागते आणि टी-७२बी रणगाडा नळीतून सुमारे ४ किमीपर्यंत मिसाईल सोडतो.

समोर आपली शस्त्रं ठेवा. हेलफायर ८ किमी, हाइंडचं अटाका मिसाईल ५-६ किमी, रॉकेटं खऱ्या उपयोगाची २-३ किमीवर, तोफ दीड-दोन किमीच्या आत. आता वर्तुळं बोलायला लागतात. समोर शिल्का आणि इग्ला असेल, तर हेलफायरवाला ६ किमीवर निवांत उभा राहू शकतो. तुंगुस्का असेल, तर केवळ अंतर पुरत नाही, मातीचा आडोसा हवा. टोर असेल, तर ते काम तुमचं नाही; आधी दुसऱ्या कुणाला तरी त्याचा बंदोबस्त करू द्या.

अंतर ठरलं की त्या अंतरावर टार्गेटभोवतीच्या पट्ट्यात जागा शोधा. माझ्या मते चांगल्या जागेला पुढे आडोसा, मागे गर्द पार्श्वभूमी आणि बाजूने निघायची झाकलेली वाट, असं तिन्ही लागतं. पहिल्या दोन गोष्टी सगळे बघतात, तिसरी विसरतात. एकदा मिसाईल सुटलं की तुमची जागा सगळ्यांना कळते, आणि तिथून निघायची वाट उघड्या शेतातून असेल, तर ती जागा कितीही देखणी असली तरी टाका.

टेकडीच्या किती मागे उभं राहायचं? नवखे अगदी चिकटून उभे राहतात. दहा मीटर उंच उंचवटा आणि चार किमीवर टार्गेट असं धरा, जमीन सारख्या पातळीची. उंचवट्यापासून ३०० मीटर मागे असाल, तर तुम्हाला अकराएक मीटर वर यावं लागेल. दीड किमी मागे असाल, तर सोळा मीटर. फार मागे गेलात की जास्त उंच यावं लागतं, म्हणजे वजन जड असताना ताकद संपते आणि परत खाली जायला वेळ लागतो. फार जवळ असाल, तर सुटलेल्या मिसाईलला समोरचा माथा ओलांडायला जागा मिळत नाही आणि पात्यांच्या वाऱ्याने धूळ-पाचोळा उडून तुमची जागा फुटते. दोनशे ते तीनशे मीटर हा माझा नेहमीचा हिशेब आहे.

मग वारा. हेलिकॉप्टरच्या पाठीवर वारा घेऊन तरंगणं म्हणजे जास्त ताकद खर्च आणि शेपटी सांभाळायची कसरत. नाक टार्गेटकडे असताना वारा समोरून किंवा तिरका समोरून येईल अशी बाजू निवडता आली तर निवडा. आणि सूर्य: सकाळी पूर्वेकडून, संध्याकाळी पश्चिमेकडून. माणसं खेळत असलेल्या सर्व्हरवर याचा फरक ठळक जाणवतो.

सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात न चुकता: तुमच्यापासून टार्गेटकडे जाणारी रेघ काढा आणि ती पुढेही वाढवा. त्या रेघेवर आपली माणसं येतात का? आधीही नको, पलीकडेही नको. त्याचं कारण रॉकेटांच्या पडण्यात आहे. कमी उंचीवरून, उथळ कोनात मारलेली रॉकेटं जमिनीवर लांबट पट्ट्यात पडतात. डावी-उजवीकडे थोडी सरकतात, पुढे-मागे खूप. तुम्ही आपल्या माणसांच्या मागून त्यांच्या डोक्यावरून मारलंत, तर आखूड पडलेलं रॉकेट त्यांच्यावर पडतं. त्यांच्या रांगेला समांतर मारलंत, तर आखूड असो वा लांब, ते शत्रूच्याच पट्टीत राहतं. म्हणून वरच्या संदेशातला तो पूर्वेकडून येण्याचा आग्रह. जमिनीवरचा माणूस हे स्वतः सांगणार नाही कदाचित, तुम्ही विचारा. रॉकेटांसाठी आपली माणसं पाचशे मीटरच्या आत असतील, तर मी नवख्याला हेलफायर किंवा तोफेवरच थांबायला सांगतो.

अशा दोन जागा शोधा, जमल्यास तीन. एकमेकींपासून निदान पाचशे मीटर दूर. शिवाय मागे, शत्रूच्या नजरेपलीकडे, थांबायची एक जागा. तिथे उतरून किंवा खाली तरंगून संदेश घ्यायचा, शस्त्रं तयार करायची, मग पुढे सरकायचं.

पाचवी पायरी: वर या, मारा, खाली जा

आडोशामागे हेलिकॉप्टर स्थिर करा. लेझर कोड, मिसाईलचा प्रकार, दुर्बिणीची दिशा सगळं खालीच लावून घ्या. एकटे खेळत असाल, तर अपाचीतला जॉर्ज आणि हाइंडमधला पेत्रोविच हे संगणकाचे साथीदार पुढच्या सीटचं काम करतात. त्यांना कुठे बघायचं ते वर यायच्या आधीच सांगा. मग कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) हळू ओढा, सरळ वर. अपाचीची दुर्बीण नाकावर आहे, त्यामुळे टार्गेट दिसतं तेव्हा रोटरसकट बरंच अंग वर आलेलं असतं. कायोवा वॉरियर या छोट्या हेलिकॉप्टरची दुर्बीण रोटरच्याही वर असते; त्याला फक्त चेंडूएवढं डोकं बाहेर काढून बघता येतं, म्हणून टेहळणीसाठी ते उत्तम.

पाच किमीवरच्या टार्गेटपर्यंत हेलफायरला साधारण वीस सेकंद लागतात. लेझरवालं हेलफायर असेल, तर ते टार्गेटवर पडलेल्या लेझरच्या ठिपक्याकडे जातं, म्हणून शेवटपर्यंत कुणीतरी लेझर धरून ठेवायला हवा. तो तुम्हीच धरणार असाल, तर तेवढा वेळ तुम्ही उघडे. हा वेळ कमी करायचा मार्ग आहे: लेझर न लावता आडोशामागूनच मिसाईल उंच उडवायचं आणि शेवटच्या काही सेकंदांत वर येऊन लेझर धरायचा. त्याहून चांगलं म्हणजे लेझर जमिनीवरच्या साथीदाराने किंवा कायोवाने धरायचा. तेव्हा एक बघा: तो टार्गेटच्या ज्या अंगावर लेझर टाकतो, ते अंग तुमच्या मिसाईललाही दिसलं पाहिजे. तुमच्या रेघेत आणि त्याच्या रेघेत ६० अंशांपेक्षा जास्त कोन नको, आणि तो तुमच्या मिसाईलच्या वाटेखाली नको.

मिसाईल लागलं की खाली. पण दाणकन नको. पुढचा वेग ताशी तीस-चाळीस किमीपेक्षा कमी आणि उतरण्याचा वेग मिनिटाला ३०० फुटांच्या वर गेला, की रोटर स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत बुडतो. कलेक्टिव्ह जितकं ओढाल तितकं खाली जाता. तसं झालंच, तर नाक पुढे किंवा बाजूला टाकून त्या हवेतून बाहेर पडा. सवय अशी लावा: उतरताना थोडं आडवं सरका. त्यामुळे तुम्ही पुढच्या जागेकडेही निघालेले असता. एकाच जागेतून दुसऱ्यांदा वर येऊ नका. पहिलं मिसाईल लागलं नसेल, तरी नाही.

सहावी पायरी: कधी उभं राहायचंच नाही

वर सांगितलेलं सगळं दूरच्या, ओळखीच्या शत्रूसाठी. शत्रू घरांत, झाडीत विखुरलेला असेल, तर तरंगत उभं राहणं घातक आहे. २४ मार्च २००३ ला इराकमध्ये करबलाजवळ अमेरिकेच्या ११ व्या अटॅक हेलिकॉप्टर रेजिमेंटची तीसेक अपाची वस्तीवरून जाताना चहूबाजूंच्या गोळीबारात सापडली. एक पडलं, त्याचे दोघे वैमानिक कैद झाले, आणि परतलेल्यांपैकी बहुतेकांना गोळ्या लागल्या होत्या. त्यानंतर अमेरिकी वैमानिकांच्या प्रशिक्षणात चालत्या वेगात मारा करण्यावर भर वाढला. आपल्याकडचं उदाहरण जास्त जवळचं आहे. २८ मे १९९९ ला तोलोलिंगवर रॉकेट मारायला गेलेल्या भारतीय हवाई दलाच्या एमआय-१७ ला खांद्यावरून सोडलेलं स्टिंगर लागलं आणि आतले चारही जण हुतात्मा झाले. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर, म्हणजे मिसाईलला फसवणारे जळते गोळे, नव्हते. कारगिलच्या उंचीवर लढू शकणाऱ्या स्वतःच्या हेलिकॉप्टरची गरज तिथूनच पुढे आली आणि प्रचंड हे हेलिकॉप्टर ३ ऑक्टोबर २०२२ ला जोधपूरला हवाई दलात दाखल झालं.

हाइंड तर तरंगण्यासाठी बनलेलंच नाही. त्याचे आखूड पंख वेगात असताना चांगली उचल देतात, थांबलं की ते ओझं होतं. त्याची ३० मिमी तोफही उजव्या बाजूला पक्की बसवलेली असते, म्हणजे आख्खं हेलिकॉप्टर वळवून नेम धरायचा. त्यामुळे हाइंडची जागा म्हणजे एक ठिपका नसून एक वाट असते. नकाशावर ती अशी आखा: टार्गेटपासून आठेक किमीवर ओळखू येणारी खूण, पूल किंवा रस्त्याचा फाटा. तिथून जमिनीला लागून, ताशी २०० च्या वर वेगाने. साडेतीन-चार किमीवर थोडं वर येऊन नाक खाली टाकायचं. अडीच ते दीड किमीच्या दरम्यान रॉकेटं. एक किमी उरायच्या आत वळण, फ्लेअर सोडत, आधी ठरवलेल्या आडोशाकडे. टार्गेटवरून पलीकडे जायचं नाही. "आता एवढं जवळ आलोच आहे तर बघून येतो" हा मोह सगळ्यांना होतो. वळण्याची बाजू आधीच मोठ्याने बोलून ठेवली की तो आवरतो. आणि दुसरी फेरी त्याच दिशेने नको.

दोघे असाल, तर सगळं सोपं होतं. पहिला वळताना त्याची पाठ शत्रूकडे असते, आणि नेमक्या तेव्हाच त्याच्यावर मारा होतो. दुसऱ्याने मागोमाग एका रेषेत न येता ४५ ते ९० अंश बाजूने यावं आणि पहिला वळताक्षणी त्याची रॉकेटं किंवा तोफ सुरू व्हावी. "वळतोय डावीकडे" एवढे दोन शब्द रेडिओवर पुरतात. दोघांच्या माऱ्याच्या रेघा एकमेकांवरून जात नाहीत ना, हे मात्र नकाशावर तपासा.

सराव कसा करावा

पहिल्या आठवड्यात शत्रू ठेवूच नका. कॉकेशसमध्ये सेनाकीच्या उत्तरेकडच्या टेकड्यांत एक रिकामा ट्रक ठेवा आणि फक्त जागा शोधा, वर या, बघा, खाली जा. मारू नका. ते सहज जमलं की हवा गरम करा, वजन वाढवा. मग एक शिल्का ठेवा. मग शिल्कासोबत कुठे आहे ते तुम्हाला माहीत नसलेलं एक इग्ला. एडिटरमध्ये मित्राला ठेवायला सांगा. आपली माणसं सगळ्यात शेवटी आणा, धुरासकट, आणि मित्राला जमिनीवरून संदेश द्यायला लावा.

प्रत्येक उड्डाणानंतर टॅकव्ह्यू या उड्डाणाची नोंद दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. टार्गेट उडालं का ते बाजूला ठेवा. तुम्ही शत्रूच्या नजरेत किती सेकंद होतात ते मोजा, आणि त्यातले किती सेकंद खरोखर लेझर धरायला किंवा नेम साधायला लागले ते वेगळं मोजा. या दोन आकड्यांमधला फरक कमी करत न्यायचा. मग शत्रूच्या गाडीवर कॅमेरा ठेवून तीच फेरी पुन्हा चालवा: पाती पहिल्यांदा कुठे दिसली, मागे आभाळ होतं की डोंगर, आणि निघताना कुठल्या वळणावर पोट उघडं पडलं. पुढच्या वेळी नकाशावर पहिली पेन्सिल त्या वळणापासून लावा.